अफवेचे गणित : काय सापडते, काय निसटते

२१ सप्टेंबर १९९५ रोजी पहाटे दिल्लीतून एक वार्ता निघाली : गणपतीची मूर्ती चमच्याने दूध पिते. दिवस मावळण्यापूर्वी ती देशभर आणि परदेशांतल्या देवळांपर्यंतही पोचली. इतक्या थोड्या वेळात इतक्या लोकांचे मत कसे बनते? हा प्रश्न गणिताचाही आहे. गणितज्ञांचे उत्तर कितपत पटते, ते पाहू.

डेली आणि केंडल यांनी १९६४ साली अफवेचे एक गणिती प्रतिमान मांडले. त्यात माणसांचे तीन गट आहेत : वार्ता न ऐकलेले, ती सांगत फिरणारे आणि ठाऊक असूनही आता न सांगणारे. सांगणाऱ्याला कोरा माणूस भेटला की तोही सांगू लागतो. आधीच ठाऊक असलेला भेटला, तर ‘बातमी शिळी झाली’ असे समजून सांगणारा गप्प बसतो. दोघेही सांगणारे असतील, तर दोघेही गप्प होतात.

वर्गात हे करून पाहता येईल. चाळीस मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला. दर वेळी दोन उचला, नियम लावा आणि परत टाका. सांगणारा कोणी उरला नाही की खेळ संपला. मोठ्या समूहासाठी गणित असे सांगते, की सुमारे २० टक्के लोकांच्या कानी वार्ता जातच नाही. कोणी अडवली नाही तरी अफवा विझते, आणि तीही सर्वांपर्यंत पोचण्याआधी! तीन साध्या नियमांतून हे निघावे, हे या प्रतिमानाचे मोठे यश आहे.

आता उणिवा. डब्यात कोणालाही कोणीही भेटण्याची शक्यता सारखीच असते. व्यवहारात तसे नसते. मिरज जंक्शनमधून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार बाजूंना रूळ जातात. तिथल्या फलाटावरची गोष्ट चारही दिशांना पसरते. रस्ता जिथे संपतो त्या वाडीतली गोष्ट वाडीतच राहते. पण ही उणीव भरून काढता येते. कोण कोणाला भेटतो, याचे जाळे आखून गणित पुन्हा मांडायचे. पुढच्या अभ्यासकांनी ते केलेही.

दुसरी उणीव अशी, की ऐकणे म्हणजे पटणे नव्हे. ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली प्रत्येकाचा एक ‘उंबरठा’ मानला. कोणी दहा जण रांगेत दिसले की रांग धरतो, कोणाला शंभर दिसावे लागतात. देवळापुढची रांग रांगेमुळेच कशी वाढते, हे यातून चांगले कळते.

खरी अडचण मात्र तिसरी आहे. पहिल्या प्रतिमानात सांगणारा गप्प बसतो तो बातमी शिळी झाली म्हणून, खोटी ठरली म्हणून नव्हे. म्हणजे खरी बातमी आणि खोटी बातमी यांचे गणित तंतोतंत एकच! उंबरठ्याच्या प्रतिमानातही माणूस शेजाऱ्यांकडे पाहतो, मूर्तीकडे नाही.

त्या दिवशी लोकांनी मूर्तीकडे पाहिले होते. चमच्यातले दूध खरोखरच कमी होत होते. चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि ओल्या मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते. पांढऱ्या दगडावर तो थर दिसत नाही. राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ स्पष्ट दिसला. लोकांचे डोळे चुकले नव्हते. डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा राहिला होता.

म्हणून खेळ दुसऱ्यांदा खेळताना पाच चिठ्ठ्यांवर ‘पारखणारा’ असे लिहा. पारखणाऱ्याला भेटलेला सांगणारा गप्प बसत नाही. ‘करून पाहिले, तसे नाही’ हे तो पुढे सांगू लागतो. अफवा आता कुठे थांबते, ते मुलांना मोजू द्या. मग पाचाचे दहा करा. शिक्षकाचे काम या चौथ्या गटाची संख्या वाढवण्याचे आहे, आणि जुन्या प्रतिमानात नेमकी त्यालाच जागा नव्हती.