'ब्रेन' शॉक : हुशार उत्तर, पण अर्धवट प्रश्नाचं

फुल सस्पेन्शन सायकलवर चढ चढताना मागचा भाग पेडलच्या तालावर खाली-वर डुलतो. आपली ताकद शॉकमध्येच जिरतेय असं वाटतं. असं का होतं?

समजा, मागच्या सस्पेन्शनचा प्रवास १२० मिमी आहे आणि सॅग २५ टक्के, म्हणजे नुसतं बसल्यावर ते ३० मिमी दबतं. हवेची स्प्रिंग सरळ रेषेत वागत नाही, पण अंदाजापुरतं तसं धरू. मग नैसर्गिक वारंवारता फक्त सॅगवरून निघते : सेकंदाला सुमारे २.९ आंदोलनं. आता तुम्ही मिनिटाला ९० वेळा पेडल फिरवताय, म्हणजे दोन्ही पायांचे मिळून सेकंदाला ३ जोर. झोक्याला नेमक्या वेळी धक्का! हवा भरून सॅग २० टक्क्यांवर आणला तरी आकडा ३.२ पर्यंतच जातो. नुसत्या पंपाने यातून सुटका नाही.

स्पेशलाइज्डने 'एपिक'मध्ये यावर 'ब्रेन' आणला. मागच्या एक्सलजवळ एक छोटं वजन आणि त्याला जोडलेला व्हॉल्व्ह. एरवी व्हॉल्व्ह बंद, सस्पेन्शन घट्ट. चाक दगडावर आपटून वर उचललं गेलं की वजन जडत्वामुळे मागे राहतं आणि तेलाची वाट मोकळी होते. ना बॅटरी, ना वायर. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावीने एपिकवरच सुवर्ण जिंकलं. कल्पना कागदी नव्हती.

तरी माझा आक्षेप आहे. ब्रेन फक्त 'डुलणं कसं थांबवू?' एवढंच विचारतो. डुलणं डोळ्यांना दिसतं; टायरची पकड दिसत नाही. सुट्या खडीच्या चढावर चाकाला बारीक उंचवटे गिळायचे असतात, पण तेवढ्याने व्हॉल्व्ह उघडत नाही आणि टायर घसरतो. उंबरठा कमी करा, तर डुलणं परत येतं. तडजोड संपली नाही, फक्त तिची जागा बदलली.

२०२४ च्या 'एपिक ८'मधून कंपनीने स्वतःच ब्रेन काढला. त्याच सायकलच्या महागड्या मॉडेलवर रॉकशॉक्सची इलेक्ट्रॉनिक 'फ्लाइट अटेंडंट' यंत्रणा आली. तिचे सेन्सर फोर्क आणि शॉकमध्ये आहेतच, पण क्रँकमध्येही आहेत. ब्रेनला फक्त जमीन कळायची. हिला स्वारही कळतो. प्रश्न आता कुठे पूर्ण झाला.

मग आपण काय करायचं? सायकल निवडताना लॉकआउटच्या आधी पेडलिंग बघा : शॉक उघडा ठेवून, बसून चढ चढा. चांगल्या फ्रेममध्ये चेनचा ताणच डुलणं बरंचसं आवरतो. सेटिंग करताना बूट, हेल्मेट, पाण्याच्या बाटल्यांसकट सॅग मोजा. २५ टक्क्यांपासून सुरुवात करा. मग रिबाउंड. दाब वाढवला की रिबाउंडचं डॅम्पिंगही थोडं वाढवावं लागतं : स्प्रिंग २० टक्के कडक झाली, तर साधारण १० टक्के. शेवटी लो-स्पीड कॉम्प्रेशन, एकेक क्लिक. एका वेळी एकच गोष्ट बदला, तोच चढ पुन्हा चढा, वहीत लिहा.

आणि लिहिताना 'किती डुलली' एवढंच नको. 'चाक कुठे घसरलं' तेही लिहा.