‘वैदिक गणित’ : नाव आणि पुरावा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान दिले. ‘वैदिक गणित’ वर्गात शिकवावे काय, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला आहे. बोरी अरबच्या शाळेतील शिक्षकालाही तो टाळता येणार नाही. म्हणून ज्या पुस्तकावर ही सारी इमारत उभी आहे, ते आधी तपासून पाहू.

पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे हे इंग्रजी पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील सोळा सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातील असल्याचे सांगितले जाते. पण ती ज्ञात परिशिष्टांत आढळत नाहीत, हे पुस्तकाचे संपादक वासुदेव शरण अग्रवाल यांनीच नमूद केले आहे. गणिती श्रीकृष्ण दाणी यांनी १९९३ मध्ये या दाव्याची सविस्तर चिकित्सा केली.

मग रीती चुकीच्या आहेत काय? नाही. ९७ × ९६ घ्या. शंभरला कमी पडतात ३ आणि ४. ९७ मधून ४ वजा केले की ९३; ३ × ४ = १२; उत्तर ९३१२. याचे कारण साध्या बीजगणितात आहे :
(१०० − क)(१०० − ख) = १००(१०० − क − ख) + कख.
हीच रीत ४७ × ६३ ला लावली, तर आधी ५३ × ३७ करावे लागते. म्हणजे श्रम वाचतच नाहीत! पुस्तक युक्ती देते. ती का आणि कोठवर चालते, हे शिक्षकानेच सांगायचे असते.

गंमत अशी की, खरे वैदिक गणित मात्र बाजूलाच राहते. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेली शुल्बसूत्रे वेदांगांचा भाग आहेत. आयताच्या कर्णाचा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात स्पष्ट आहे. दोनच्या वर्गमुळासाठी तेथे १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे ५७७/४०८ ही किंमत मिळते. १०० मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण तिने काढला, तर चूक पाव मिलिमीटरहूनही कमी येते. घराचा पाया आखताना गवंडी ३, ४, ५ च्या मापाने काटकोन साधतो, तोही याच नियमाने. दोरी आणि चार खुंट्या घेऊन शाळेच्या मैदानावर हा प्रयोग एका तासात होतो.

परंपरेला वर्गात जरूर आणावे. पण तिलाही इतर ज्ञानासारखेच प्रश्न विचारावेत. ‘वेदात आहे म्हणून खरे’ असे एकदा शिकलेला विद्यार्थी उद्या ‘छापले आहे म्हणून खरे’ असेही मानेल. युक्त्या शिकवा, सिद्धतेसह शिकवा. फक्त त्यांवर ‘वैदिक’ ही चिठ्ठी लावू नका.