भायखळ्याची मातीची माणसे

भिवंडीहून सकाळची एस. टी., कल्याणहून लोकल, असे करीत एका रविवारी मी आणि अण्णा भायखळ्याला उतरलो. अण्णांची तीस वर्षे यंत्रमागावर गेली. खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज चढलेलाच राहिला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांनी पहिले वाक्य उच्चारले, तेव्हा दोन-तीन माना आमच्याकडे वळल्या.

इमारत देखणी आहे. १८७२ साली ती लोकांस खुली झाली. पुढे तिची रया गेली, आणि मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. परंतु माझे मन खिळले ते मातीच्या छोट्या मूर्तींवर. निरनिराळ्या जातीजमातींची, निरनिराळ्या धंद्यांची ही माणसे. पागोट्याची घडी, बसण्याची ढब, सारे बारकाईने टिपलेले. ज्यांनी ही घडविली त्यांच्या बोटांना मी मनोमन नमस्कार केला.

अण्णा मात्र बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, धंदा कळतो, जात कळते. पण हा माणूस कोण, ते काही कळत नाही.”

या प्रश्नाचे उत्तर संग्रहालयाच्या जन्मातच आहे. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून जिन्नस गोळा झाले, त्यातून हा संग्रह सुरू झाला. या देशात काय पिकते, काय बनते, हे त्यातून दाखवायचे होते. अशा मांडणीत बनविणाराही एक नमुनाच होतो. नमुन्याला नाव लागत नाही. हे कसब खोटे नव्हे; पण हे कसब माणसापर्यंत येऊन उंबऱ्यावरच थांबते.

बाहेर पडल्यावर इराण्याकडे शिरलो. संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का, दोन चहा. समोर बसलेल्या अनोळखी गृहस्थाशी अण्णांनी पाच मिनिटांत गाव, मुले, गुडघेदुखी, सगळे बोलून घेतले. तेथे त्यांचा आवाज कोणालाच मोठा वाटला नाही.

मग बशीत चहा ओतता ओतता ते सहज म्हणाले, “तुमच्या कादंबरीतला मागवालाही तसाच आहे, मास्तर. धोटा बरोबर, घाम बरोबर. पण तो हसतो कशाला, ते तुम्ही लिहिलेलेच नाही.”

चहा निवला. त्या कादंबरीची समीक्षा यापूर्वी झाली होती. तिच्यात ‘वास्तवदर्शी’ हा शब्द होता, आणि मी तो जपून ठेवला होता. श्रमिकांवर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींची कपाटेही अशाच मूर्तींनी भरलेली आहेत: हमाल, विडीकामगार, मोलकरीण. वेष अचूक, हाती अवजार, आणि चेहऱ्यावर आम्हीच दिलेले दुःख.

भायखळ्याला जरूर जावे. मूर्ती पाहाव्यात, परंतु परतताना इराण्याकडे चहा घेतल्यावाचून येऊ नये, आणि शक्यतो एकट्याने जाऊ नये.