सुटलेला ताणा : मोनिका कोरिया यांचं विणकाम

नालवाडीत येऊन विणकामावर बोलायचं म्हणजे धाडसच. १९३२च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले आणि कातणाऱ्याच्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे स्वतः कातून पाहू लागले. इथे सूत म्हटलं की सारखेपणा, कस, मोजमाप आठवतं. आणि आज आम्ही बोलणार आहोत ते धाग्याला वाकडं जाऊ देणाऱ्या एका विणकर बाईंबद्दल.

मोनिका कोरिया मुंबईच्या, जन्म १९३८चा. शिकल्या सूक्ष्मजीवशास्त्र. १९६२ साली अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल या फिनलंडमध्ये जन्मलेल्या विणकर भेटल्या आणि त्या मागाकडे वळल्या. पुढची सहा दशकं हेच काम.

टॅपेस्ट्रीत एरवी बाणा ताण्याला पार झाकून टाकतो. चित्र बाण्याचं, भार ताण्याचा! कोरियाबाईंनी ताण्यालाच बोलतं केलं. फणी दोन कामं करते, हे इथे सांगायला नको : बाणा ठोकते आणि ताण्याचे धागे सारख्या अंतरावर धरते. बाईंनी मागात असा बदल केला की विणता विणता फणी काढता यावी. ती निघाली की धागे सरकतात, जवळ येतात, दूर जातात. सरळ उभा ताणा नदीसारखा वळू लागतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचं १९७४चं ‘नो मून टुनाइट’ आहे.

आता कोणी म्हणेल, हे स्वातंत्र्य. आमचं मत जरा वेगळं आहे. फणी काढली तरी ताणा दोन्ही टोकांना ताणलेलाच असतो. तो ताण नसेल तर वळण उरत नाही, नुसता गुंता होतो. नियम कुठे सोडायचा हे ज्याला कळतं, त्यालाच तो सोडण्याचा अधिकार. या कामाचं मोल आम्हाला तिथे दिसतं. नुसत्या नवेपणात नाही.

पण नालवाडीचा प्रश्न राहतोच. भिंतीवरच्या कलाकृतीखाली विणणाऱ्याचं नाव असतं, कातणाऱ्याचं सहसा नसतं. हा ठपका एकट्या कोरियाबाईंवर ठेवता येत नाही. आपली सगळी कलासमीक्षाच सुतापाशी पोचत नाही, विणीपाशी थांबते. ताण्याला बोलू देणाऱ्या कलेची समीक्षा करताना तरी तो धागा कोणी कातला, काय मजुरीवर कातला, हे विचारलं पाहिजे. विनोबांनी ते याच गावात विचारलं होतं. सौंदर्याचा विचार त्याने उणा होत नाही, पुरा होतो.