अष्टोत्तरशत रामायणे : विक्रम आणि जप

मोरोपंतांच्या (1729–1794) नावावर परंपरा 108 रामायणे नोंदवते. एकच कथा इतक्या वेळा सांगण्यामागे पूर्वसूरींना व स्वतःच्याच मागील रचनेला ओलांडण्याची ईर्षा आहे, हे उघड आहे. त्यामुळे ‘शब्दांची कसरत’ असा शेरा मारून समीक्षेने ती बहुधा बाजूस सारली. मात्र या ईर्षेचे स्वरूप तपासणे आवश्यक ठरते.

‘निरोष्ठ रामायण’ हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करण्याचा मानदंड दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील सातव्या उच्छ्वासात आढळतो. तेथे निवेदक मंत्रगुप्ताचा ओठ प्रियेच्या दंतक्षताने दुखावलेला आहे; म्हणजे बंधनाला कथेतच कारण आहे. मोरोपंत हे कारण काढून टाकतात आणि नियम रामकथेला लावतात. परिणामी ‘म’ व ‘भ’ वर्ज्य होताच राम, लक्ष्मण, भरत ही नावे उच्चारता येत नाहीत. उकारही ओष्ठ्य मानल्यास शत्रुघ्नही उरत नाही. ज्या नामासाठी काव्य, तेच नाम विक्रमाची किंमत म्हणून द्यावे लागते.

तथापि 108 ही जपमाळेच्या मण्यांचीही संख्या आहे. विक्रम मागील कृतीला मागे टाकतो. जप तिलाच पुन्हा हाती घेतो. मोरोपंतांच्या रामायणांत या दोन प्रेरणा एकमेकींत गुंतल्या आहेत. ‘केकावली’त पृथ्वी वृत्ताचे बंधन कायम असूनही ते आर्ततेच्या आड येत नाही. पंतांनी स्वतःला खऱ्या अर्थाने ओलांडले ते संख्येत नव्हे, येथे.