'लाओवाई' आणि 'वाईजिआओ' : चिनी शाळांतील लोकवर्णनपर संशोधनात परदेशी संशोधकाची ओळख

प्रस्तावना

एथ्नोग्राफी, म्हणजेच लोकवर्णनपर संशोधन, ही पद्धती प्रश्नावलीपेक्षा संशोधकाच्या प्रदीर्घ सहवासावर अधिक अवलंबून असते. येथे संशोधक हेच संशोधनाचे साधन असते. साहजिकच समोरच्यांना तो कोण म्हणून दिसतो, यावर हाती येणाऱ्या सामग्रीचे स्वरूप ठरते. चिनी शाळांविषयी परदेशी अभ्यासकांनी केलेल्या लेखनात संशोधक 'आतला की बाहेरचा' हा प्रश्न वारंवार आलेला आहे. परंतु पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात त्याची एकदा नोंद केली की पुढील विवेचनात तो बहुधा मागे पडतो. प्रस्तुत लेखात काही निवडक ग्रंथांच्या आधारे या प्रश्नाचा चिकित्सक विचार केला आहे. संशोधकाची ओळख ही सामग्रीबाहेरची बाब नसून सामग्रीचाच एक भाग होय, अशी लेखाची भूमिका आहे.

शाळेने बहाल केलेली ओळख

चीनमध्ये बोलीत परदेशी माणसाला 'लाओवाई' म्हणतात. शासकीय व्यवहारात 'नेइ-वाइ योउ बिए', म्हणजे आतल्यांत व बाहेरच्यांत भेद राखावा, हे तत्त्व दीर्घकाळ रूढ आहे. शाळेच्या आवारात याखेरीज आणखी एक ओळख तयार असते. ती 'वाईजिआओ' म्हणजे परदेशी शिक्षकाची. आणि हा शिक्षक प्रायः इंग्रजीचा असतो. संशोधक स्वतःला मानवशास्त्रज्ञ म्हणवीत असला, तरी शाळेत त्याची जागा अशी आधीच आखलेली असते.

'परदेशी पाहुण्यासमोर सजवलेला पाठ सादर होतो, म्हणून निरीक्षण निरुपयोगी ठरते', असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अपुरा आहे. सहकाऱ्याच्या वर्गात बसून पाठ पाहणे ('तिंगके') आणि निमंत्रितांसमोर खुला पाठ घेणे ('गोंगकाइके') हे चिनी शिक्षकाच्या व्यावसायिक जीवनाचे नित्याचे अंग आहे. सजवलेला पाठ हा खोटा पाठ नव्हे. शाळा कोणता पाठ उत्तम मानते, याचा तो पुरावा असतो. तो रोजचा पाठ म्हणून वाचला, तरच गफलत होते.

परकेपणाचा पद्धती म्हणून वापर

जोसेफ टोबिन, डेव्हिड वू आणि डाना डेव्हिडसन यांच्या 'प्रीस्कूल इन थ्री कल्चर्स' (1989) या ग्रंथात जपान, चीन व अमेरिका येथील बालवाड्यांचा तौलनिक अभ्यास आहे. चीनमधील बालवाडी कुनमिंग येथील होती. बालवाडीतील एका दिवसाचे चित्रीकरण करून ते प्रथम तेथील शिक्षकांना, मग त्याच देशातील अन्य शिक्षकांना आणि शेवटी इतर दोन देशांतील प्रेक्षकांना दाखवण्यात आले. मुले ठरल्या वेळी एकत्रितपणे शौचास बसतात, हे दृश्य अमेरिकी प्रेक्षकांना धक्कादायक वाटले. या पद्धतीचे मोल असे की, संशोधकाच्या नजरेला अंतिम अधिकार राहत नाही. चित्रफीत हा पुरावा न राहता प्रश्न बनते. तथापि कोणते प्रसंग ठेवायचे आणि कोणते गाळायचे हे परदेशी चमूच्याच हाती राहते. म्हणजे परकेपणा उघड होतो, नाहीसा होत नाही.

देवाणघेवाणीतून घडलेली ओळख

व्हेनेसा फाँग यांचा 'ओन्ली होप' (2004) हा ग्रंथ या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचा आहे. 1997 ते 2002 या काळात दालियान शहरात त्यांनी केलेल्या क्षेत्रकार्यावर तो आधारलेला आहे. एकुलत्या एका अपत्याच्या धोरणाखाली वाढलेल्या पिढीच्या आकांक्षा हा त्याचा विषय. फाँग स्वतः चिनी वंशाच्या अमेरिकी अभ्यासक. चेहऱ्याने आतल्या, पारपत्राने बाहेरच्या. कुटुंबांत त्यांचा शिरकाव झाला तो इंग्रजीची शिकवणी आणि परदेशी शिक्षणाविषयीची माहिती यांच्या मोबदल्यात.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. या पिढीला विकसित जगात जाण्याची ओढ आहे, हे ग्रंथाचे महत्त्वाचे प्रतिपादन. परंतु ज्या घरात संशोधिका अमेरिकेचे दार किलकिले करणारी व्यक्ती म्हणून येते, त्या घरात हीच ओढ सर्वप्रथम बोलून दाखवली जाणार नाही काय? फाँग हा व्यवहार लपवीत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. 2,273 विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणाची जोडही त्यांनी दिली आहे. शिवाय परदेशी गेलेल्या चिनी विद्यार्थ्यांवरील त्यांचा पुढील ग्रंथ (2011) पाहता ही ओढ केवळ बोलण्यापुरती नव्हती, हेही मान्य करावे लागते. तरीही ती किती तीव्र होती आणि कोणत्या शब्दांत व्यक्त झाली, यात 'शिकवणीच्या बाई' या ओळखीचा वाटा किती, याचे उत्तर प्रत्येक मुलाखतीसोबत मिळायला हवे होते.

वाट आणि भाषा

मारिया हाइमर व स्टिग थोगरसन यांनी संपादित केलेल्या 'डुइंग फील्डवर्क इन चायना' (2006) या संग्रहात हा प्रश्न सत्तेच्या अंगाने हाताळला आहे. अधिकाऱ्यांनी आखलेल्या वाटेनेच संशोधकाला गावात शिरावे लागते, ही कोंडी मेट्टे हाल्स्कोव्ह हॅन्सन मांडतात. थोगरसन 'गानबूं'ची म्हणजे अधिकाऱ्यांची भाषा आणि 'बाइशिंग' म्हणजे सामान्य जनांची भाषा यांत भेद करतात. पाठ्यपुस्तके व वृत्तपत्रे यांतून चिनी शिकलेल्या परदेशी माणसाच्या तोंडी पहिलीच भाषा सहज येते. मग मुख्याध्यापकही त्याच भाषेत उत्तर देतो. म्हणजे ओळख केवळ चेहऱ्याने वा पारपत्राने ठरत नाही, ती उच्चारलेल्या पहिल्या वाक्यानेही ठरते.

'आतला' आणि 'बाहेरचा' ही विभागणी मुळातच डळमळीत असल्याचे किरिन नारायण यांनी 1993 मधील आपल्या निबंधात दाखवले. त्यांचे क्षेत्रकार्य नाशिक येथेही झालेले असल्याने मराठी वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत वही घेऊन बसणारा आपला संशोधकही तेथे 'तपासणीला आलेले साहेब' ठरू शकतो.

निष्कर्ष

1. संशोधकाची ओळख तो स्वतः निवडत नाही. शाळा, शासन आणि पालक आपापल्या गरजेनुसार ती घडवतात.

2. मिळालेली भूमिका काही दारे उघडते आणि काही बंद करते. म्हणून 'कोणी सांगितले' याबरोबरच 'कोणाला सांगितले' याची नोंद अनिवार्य ठरते.

3. या भूमिका काळानुसार बदलतात. 2020 ते 2023 या काळात चीनच्या सीमा परदेशीयांसाठी जवळजवळ बंद होत्या. 2021 च्या 'शुआंगजिआन' धोरणाने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर निर्बंध आणले. त्यामुळे इंग्रजीच्या शिकवणीतून घरात शिरण्याची फाँग यांची वाट आज तशीच गृहीत धरता येत नाही.

सारांश, ओळखीचा कबुलीजबाब प्रस्तावनेत देऊन संशोधक मोकळा होत नाही. ग्रंथाच्या प्रत्येक प्रतिपादनाला ती ओळख पुन्हा लावून पाहणे, ही त्याची आणि समीक्षकाचीही जबाबदारी आहे.