स्तोत्र ९१ : आश्रय की ताईत?

स्तोत्रसंहितेतील एक्क्याण्णवावे स्तोत्र आपल्या मंडळ्यांत संकटकाळी आवर्जून म्हटले जाते. २०२० च्या साथीत ते कित्येक दारांवर लावलेले आम्ही पाहिले. त्यांपैकी एका घरातील कर्ता पुरुष त्याच साथीत गेला. “फादर, मग हे वचन खोटे समजायचे का?” असे त्याच्या पत्नीने विचारले. प्रस्तुत विवेचन त्या प्रश्नाला धरून आहे.

१६ वचनांच्या या स्तोत्राचे तीन भाग पडतात. आरंभीच्या दोन वचनांत आश्रयदात्याचा चार नावांनी निर्देश आहे. ३ ते १३ या वचनांत पारध्याचा पाश, रात्रीचे भय, मरी, सिंह व सर्प यांपासून रक्षणाची आश्वासने येतात. शेवटच्या तीन वचनांत देव स्वतः बोलतो.

मधला भाग काव्यदृष्ट्या प्रभावी आहे. परंतु हजारो माणसे शेजारी पडत असता भक्ताला मात्र काही शिवणार नाही, हे सातवे वचन सुटे घेतल्यास मृतांच्या आप्तांना निष्ठुरच वाटेल. तरीही नेमका हाच भाग तोडून घेण्याचा मोह जुना आहे. कुमरानच्या अकराव्या गुहेतील एका गुंडाळीत हे स्तोत्र भूतबाधेवरील गीतांसमवेत आढळते. त्यातील वचने लिहिलेले प्राचीन ग्रीक ताईतही उपलब्ध आहेत. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन याच भागाचा आधार देतो. प्रभू ते वचन नाकारीत नाही. त्याच्या बळावर देवाची परीक्षा पाहण्याचे नाकारतो. पुढे अटकेच्या रात्रीही त्याने देवदूतांच्या सेना मागविल्या नाहीत.

आमच्या मते स्तोत्राचा कळस पंधराव्या वचनात आहे. भक्ताच्या संकटात आपण त्याच्याबरोबर आहोत, असे देव तेथे म्हणतो. मूळ हिब्रूत ‘मी’ हे सर्वनाम स्पष्टपणे आलेले आहे. अर्थात भक्तावर संकट येणार, हे येथे गृहीतच धरले आहे. सोळाव्या वचनातील दीर्घायुष्याचे अभिवचन मात्र प्रश्न पुरता मिटू देत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. म्हणूनच त्याच्या आधी ठेवलेले, मानवी आयुष्याच्या क्षणभंगुरतेचे नव्वदावे स्तोत्र सोबत वाचावे.

त्या भगिनीला आम्ही दारावरचा कागद काढावयास सांगितले नाही. शेवटची तीन वचने तिच्याबरोबर बसून वाचली. उपदेशकांनीही ती गाळू नयेत, एवढीच विनंती.